कुरडयांविना उन्हाळा

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. इतरत्र ज्यांना ज्येष्ठागौरी म्हणतात त्या मराठवाड्यात महालक्ष्म्या होतात आणि जोडीनेच येतात. थोरली आणि धाकटी. माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी हा कुळाचार नाही, त्यामुळे लग्नानंतरही ती या तीन दिवसांसाठी पुण्याहून न चुकता येते. २०२४ साली महालक्ष्म्यांचे आवाहन १० सप्टेंबरला होते. ती आदल्या रात्री मुलांसह पोहोचली. सकाळी उठून मुखवटे पुसून ठेवले, कोठ्यांना साड्या नेसवण्याच्या खटपटीत आईला मदत केली आणि दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची तयारी पाहावी म्हणून माळ्यावरचे डबे काढायला लागली. पुरण, आंबील, सोळा भाज्या, पापड, कुरडई. कुरडयांचा पत्र्याचा मोठा डबा तिने खाली घेतला तो हातात इतका हलका आला की तिचा तोल गेला. तळाशी आदल्या वर्षीचा मूठभर चुरा होता.

"आई, यंदाच्या कुरडया कुठं ठेवल्यास?"

"यंदा झाल्या नाहीत," आई म्हणाली, आणि वाती वळत राहिली.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. आमच्या आईने कुरडया केल्या नाहीत असे एकही वर्ष आम्हा भावंडांच्या आठवणीत नाही. अण्णांच्या बदल्या झाल्या त्या वर्षी भाड्याच्या घराच्या गच्चीवर झाल्या, आजी गेली त्या वर्षी सुतक फिटल्यावर झाल्या. वाचकांपैकी अनेकांना रिकामा डबा ही काही मोठी घटना वाटणार नाही. पण त्या डब्यातून आमच्या घराचा तो सबंध उन्हाळा बाहेर आला, आणि त्यातली जी गोष्ट आम्ही बहिणीपासून चार महिने लपवून ठेवली होती तीही.

कुरडई हे वाळवण इतर वाळवणांसारखे नाही. उडदाच्या पापडाला पाणी लागते ते पीठ भिजवण्यापुरते. शेवयांचेही तसेच. कुरडयांचे गहू मात्र तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज त्यांचे पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून, चोथा पिळून चीक काढायचा. चीक रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वर आलेले नितळ पाणी ओतून द्यायचे. मग पुन्हा आधणाचे पाणी, मीठ, हिंग, आणि शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. भांडी, फडकी, सोऱ्या, पातेली धुण्याचे पाणी वेगळे. पायलीभर गव्हाच्या कुरडया म्हणजे किती बादल्या पाणी हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी कधी कुणी विचारलाच नव्हता. २०२४ च्या एप्रिलमध्ये अण्णांनी तो विचारला. आईने बोटांवर मोजले आणि ती म्हणाली, "राहू द्या यंदा."

आमचे घर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, बेगमपुरा भागात आहे. पाण्याच्या बाबतीत हा भाग एके काळी भाग्यवान होता. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पोटातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. तोच मार्ग पुढच्यांनी गिरवला. पाणचक्कीचे जाते त्याच पद्धतीने आणलेल्या पाण्यावर फिरले, आणि बेगमपुऱ्याच्या थत्ते हौदाला पाणी देणारी थत्ते नहरही त्याच घराण्यातली. या साऱ्या योजनेत कुठे इंजिन नव्हते. उंचावरचे पाणी उताराने खाली यायचे, एवढाच त्यातला हिशेब. आता शहर पाणी पिते ते पैठणच्या जायकवाडीचे, पन्नासेक किलोमीटरवरून आणलेले, आणि हा प्रवास चढाचा आहे. धरण काठोकाठ भरते तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असते. शहर त्याहून तीनशे फुटांहून अधिक उंचीवर आहे. म्हणजे आमच्या नळाला येणारा प्रत्येक थेंब कुणीतरी वर ढकललेला असतो. धरणात पाणी असले तरी मधल्या वाहिन्या आणि उपसा यांच्या आवाक्यापलीकडे ते शहरात येऊ शकत नाही. त्या उन्हाळ्यात तर धरणातच फारसे नव्हते. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा पावसाळ्याच्या तोंडाशी अगदी तळाला टेकला होता. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येई, कधी दहाव्या.

घरात अंगणाखाली हौद आहे. त्यात सोडायची एक वेळूची काठी आहे. तिच्यावर अण्णांनी खिळ्याने इंचांच्या खुणा कोरल्या आहेत. रोज संध्याकाळी ते हौदाचे झाकण सरकवून काठी आत सोडायचे, ओली खूण पाहायचे आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या दिनदर्शिकेवर आकडा लिहायचे. नळ आला त्या तारखेला लाल गोल. एप्रिल-मेची ती पाने आजही आमच्याकडे आहेत. लाल गोल मोजके, आणि दोन गोलांच्या मध्ये उतरत जाणारे आकडे.

ही नोंदींची सवय जुनी. १९७२ च्या दुष्काळात अण्णा अंबड तालुक्यात दुष्काळी कामांवर हजेरी कारकून होते. अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते; जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. पंचविशीतला मुलगा, हातात मस्टर, आणि समोर खडी फोडणारी, तलावाची माती वाहणारी शेकडो माणसे. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती असे सांगतात. त्यातली दोन-तीनशे नावे रोज अण्णांच्या अक्षरात लिहिली जायची. ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याला मजुरी नाही आणि सुकडीही नाही, त्यामुळे नाव सुटू नये याची धास्ती त्यांना झोपेतही असे. तेव्हापासून कुठल्याही टंचाईला तोंड द्यायचा त्यांचा मार्ग एकच: लिहून काढायचे.

तर त्या उन्हाळ्यात आम्ही एकेक गोष्ट खोडत गेलो. पहिल्यांदा कूलर गेला, कारण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी एकटा तोच प्यायचा. मग अंगणातला सकाळचा सडा. मग तुळस आणि जास्वंद सोडून बाकी कुंड्या. मग कुरडया. प्यायच्या पाण्याचे जार विकत येत होते, मध्येच एखादा टँकर शेजाऱ्यांनी मिळून मागवला, घर चालले होते. सगळ्यांत शेवटी खोडले गेले ते पाहुणे.

एप्रिलच्या शेवटी बहिणीचा फोन आला तेव्हा मीच तिला म्हणालो, "यंदा मेमध्ये नको येऊस. मुलांचे हाल होतील. पाऊस पडला की ये." तिने "बरं" म्हटले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जायचे हा मराठी मुलांचा वार्षिक कार्यक्रम. आमच्या मराठवाड्यात तो पाण्याने कितीतरी घरांतून बंद पाडला आहे. लोक लग्नाच्या तिथीही नळाचा दिवस पाहून धरतात आणि मामा भाच्यांना पावसाळ्याचे आमंत्रण देतात. फोन ठेवल्यावर मला वाटले होते की आपण एक समजूतदारपणाची गोष्ट केली. अण्णा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चाळिशीच्या बराच वर होता. दुपारी बाराला दारे-खिडक्या लावून घर अंधारे करायचे आणि संध्याकाळी सहाला उघडायचे असा क्रम. अण्णा दुपारी जास्त झोपू लागले. बोलावले तर उशिराने ओ देत. एका संध्याकाळी त्यांनी हौद मोजला आणि दिनदर्शिकेवर आकडा लिहिला तो आदल्या दिवसाच्या रकान्यात. मी ते पाहिले आणि 'ऊन बाधले असेल' असे म्हणून कांद्याचा रस तळपायांना लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघराच्या दारात उभे होते आणि आपण आत जायचे आहे की बाहेर यायचे आहे हे त्यांना ठरवता येत नव्हते.

रुग्णालयात चार दिवस काढावे लागले. शरीरातले पाणी कमी झाले होते, क्षारांचे प्रमाण बिघडले होते, आणि मूत्रपिंडावर ताण पडला होता. रक्तदाबाची जी गोळी ते वर्षानुवर्षे घेत तीही लघवीवाटे पाणी काढून टाकणारी होती. डॉक्टरांनी विचारले, "दिवसाला पाणी किती पितात?" मी उत्तर दिले, "भरपूर. पिण्याच्या पाण्याची आमच्याकडे कमतरता नाही, जार येतात." मी खोटे बोलत नव्हतो. मला खरेच तसे वाटत होते. सलाइन चालू असलेला हात जरा उचलून अण्णा हळूच म्हणाले, "तीन भांडी. कधी चार."

मग डॉक्टरांनी त्यांनाच विचारले, आणि त्यांनी हजेरी सांगावी तसे सांगितले. पाणी प्यायले की उठावे लागते. उठले की दर वेळी संडासात अर्धी बादली जाते. रात्रीतून चारदा उठले तर दोन बादल्या. ते म्हणाले, "हौदात नऊ इंच होते, आणि नळाला अजून पाच दिवस होते."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. आम्ही हौद रोज मोजत होतो. कूलरचे पाणी, कुंड्यांचे पाणी, भांड्यांचे पाणी, सारे मोजले होते. घरातले एक माणूस आपल्या वाट्याचे पाणी स्वतःच्या हाताने खोडत आहे हे एकाच छपराखाली राहून मला दिसले नव्हते. त्याचे कारण उघड होते. हिशेब ठेवण्याचे काम आम्ही ज्याच्यावर सोपवून निश्चिंत झालो होतो, त्याचा हिशेब कुणीच ठेवत नव्हते.

आणि मग मी दुसरी चूक केली. बहिणीला कळवले नाही. कळवले तर ती रात्रीच्या गाडीने निघून येईल, मुलांनाही आणील, आणि घरी पाणी नाही. असा तो विचार होता, आणि तो मला त्या वेळी संपूर्ण तर्कशुद्ध वाटला. आईला आणि पत्नीलाही मी तेच पटवले. चार दिवस बहिणीचे फोन आले की आम्ही "अण्णा झोपलेत, ऊन फार आहे" असे सांगत राहिलो. ते घरी आले, हळूहळू सावरले, जूनमध्ये पाऊस आला, शाळा उघडल्या. सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच. एकदा लपवलेली गोष्ट पुढे सांगताना 'काय झाले' एवढेच सांगून भागत नाही, 'का सांगितले नाही' हेही सांगावे लागते.

ते सप्टेंबरातल्या त्या सकाळी, रिकाम्या डब्याशेजारी, सांगावे लागले. आईने कुरडयांपासून सुरुवात केली आणि ती बोलता बोलता मे महिन्यापर्यंत आली. थांबता आले नाही तिला. बहीण माळ्याच्या शिडीच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने विचारले, "दादा, मी आले असते तर किती पाणी लागले असते रे? सांग ना. इंचांत सांग."

मी गप्प राहिलो.

"मी इथेच वाढले ना? याच हौदातून कळशा भरल्यात ना मी? पाणी मोजता मोजता तुम्ही मला पाहुण्यांत टाकलंत."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. टंचाईने माणसे एकमेकांवर ओरडतात, शेजारी नळाच्या मोटारीवरून भांडतात, हे सगळे पाहतात आणि वर्तमानपत्रांत येते. पण सुसंस्कृत, समजूतदार घरांत टंचाई वेगळ्या रीतीने वागते. तिथे कुणी ओरडत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याची सोय पाहतो, आपले थोडे कमी करतो, आणि ते सांगत नाही. आईने कुरडया सोडल्या, अण्णांनी पाणी सोडले, मी बहिणीला सोडले, आणि तिघांनाही आपण घरासाठी काही करत आहोत असेच वाटत होते. यातला धोका असा की अशा त्यागाला कुणी हरकत घेऊ शकत नाही, कारण तो कुणाला कळतच नाही.

अण्णांना मी पुढे एकदोनदा छेडून पाहिले. खरे कारण अजूनही मला उमगलेले नाही. डॉक्टरांना त्यांनी बादल्यांचा हिशेब सांगितला होता. माझ्या पत्नीला ते म्हणाले, "रात्री दिवा लावला की तुम्ही सगळे जागे होता." आणि बहिणीने त्या दिवशी समोर बसून विचारले तेव्हा ते साधेपणाने म्हणाले, "बाळ, तहानच लागत नव्हती गं." डॉक्टरांच्या मते हेही खरे असू शकते, वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, शरीराला पाणी हवे असते तेव्हाही घसा ते सांगत नाही. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाला तहान लागायची वाट न पाहता पाणी द्यायचे असते. मला त्यांच्या तीन उत्तरांपैकी एकच खरे ठरवायचा मोह होतो, विशेषतः तिसरे, कारण त्यात माझा दोष सगळ्यांत कमी आहे. म्हणूनच ते मी ठरवत नाही.

त्या वर्षी नैवेद्याला कुरडई शेजारच्या काकूंकडून आली. त्यांनी दिलेल्या पाच कुरडयांपैकी एक महालक्ष्म्यांच्या ताटात गेली आणि चार मुलांनी खाल्ल्या. त्याच आठवड्यात जायकवाडी भरले आणि धरणाचे दरवाजे उघडले. मुले मोबाइलवर पांढऱ्या लोटांची चित्रे पाहून ओरडत होती. अण्णांनी चष्मा लावून ती पाहिली, विसर्ग किती क्युसेक आहे ते विचारले आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवले. नळ त्याही आठवड्यात त्याच्या ठरलेल्या दिवशीच आला.

जाण्यापूर्वी बहिणीने दारामागच्या दिनदर्शिकेत अण्णांच्या आकड्यांखाली दुसरी ओळ सुरू करून दिली. रोज त्यांनी किती भांडी पाणी घेतले ते आईने लिहायचे आणि संध्याकाळी तिला फोनवर सांगायचे. अण्णांना हे अजिबात आवडले नाही. त्यांचे म्हणणे, मस्टर लिहिणाऱ्याचे नाव मस्टरवर नसते. बहीण म्हणाली, "आता आहे."

२०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ती मुलांना घेऊन आली. विचारले नाही, फक्त गाडीची वेळ कळवली. नळ अजूनही रोजचा नव्हता. सोबत तिने दोन किलो गहू आणले होते, खपली नव्हे, साधेच, आणि आल्या आल्या भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलण्याचे काम मुलांनी केले. काढलेले पाणी सांडायचे नाही, कुंड्यांना घालायचे, हा अण्णांचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला. चौथ्या दिवशी चीक निघाला. पाचव्या दिवशी पहाटे गच्चीवर धोतराच्या पानावर कुरडया पडू लागल्या, आणि मुलांनी पातेल्याच्या तळाचा गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला. त्या वर्षी मेच्या मध्यापासून मराठवाड्यात अवकाळी पावसाने जो काही धुमाकूळ घातला, त्यात शेजाऱ्यांची कितीतरी वाळवणे भिजली. आमच्या कुरडया त्याआधीच डब्यात गेल्या होत्या. डबा भरला नाही, निम्मा झाला.

त्या पाचव्या दिवशी संध्याकाळी अण्णा काठी घेऊन हौदाशी गेले. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. त्यांनी काठी वर काढली, ओली खूण पाहिली आणि म्हणाले, "चार इंच गेले."

कुणीच काही बोलले नाही. त्यांनी आत जाऊन आकडा लिहिला. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि आईकडे हात पुढे केला. तिने भांडे दिले. ते त्यांनी सगळे प्यायले.